पूल आपला भार कोणाच्या खांद्यावर टाकतो? पिनेच्या सांध्याचा इतिहास (धागा)

१. २९ ऑगस्ट १९०७. कॅनडातील क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर जगातील सर्वांत लांब गाळ्याचा पूल उभा राहत होता. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, काम संपण्याच्या वेळी, दक्षिणेकडील पुलाचा अवघा सांगाडा काही सेकंदांत नदीत कोसळला. पुलावर ८६ कामगार होते. त्यांतील ७५ जण मृत्युमुखी पडले.

२. त्या दिवशी वादळ नव्हते आणि भूकंपही नव्हता. पूल कोसळला तो स्वतःच्याच वजनाने. असे का घडले हे समजण्यासाठी त्याआधीच्या साठ वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. पुलावरचा भार आधारापर्यंत कसा पोहोचतो आणि आधार त्याला काय उत्तर देतो, हे माणसाने कसे शोधून काढले, त्याचा हा धागा.

३. प्रथम ‘ट्रस’ म्हणजे काय ते पाहू. मराठीत याला जुना शब्द आहे, कैची. कौलारू घराच्या किंवा गोदामाच्या छपराखाली तिरक्या आणि आडव्या लाकडांचा जो त्रिकोणी सांगाडा असतो, तीच कैची. चार पट्ट्यांचा चौकोन कोपऱ्यांत एकेक खिळा मारून जोडला तर तो हाताच्या दाबाने कलतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र कलत नाही, कारण बाजूंची लांबी बदलल्याखेरीज त्याचा आकार बदलूच शकत नाही.

४. हे ज्ञान फार जुने आहे. इटालियन वास्तुविशारद आंद्रेया पालादिओ याने १५७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लाकडी कैच्यांच्या पुलांच्या आकृत्या दिल्या आहेत. सुतारांना अनुभवाने आकार ठाऊक होते. पण कोणत्या दांड्यावर नेमका किती भार येतो, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

५. गंमत अशी की उत्तराला लागणारे गणित तेव्हापासूनच आकार घेत होते. सिमोन स्टेविन याने १५८६ मध्ये बलांच्या समतोलाचे नियम मांडले. पियेर वारिन्यों याच्या १७२५ च्या ग्रंथात बलांचे बहुभुज काढून समतोल तपासण्याची रीत आली. मात्र ग्रंथ विद्वानांच्या कपाटात आणि पूल सुतारांच्या हातात, अशी स्थिती आणखी शंभरेक वर्षे राहिली.

६. ही दरी बुजवली ती रेल्वेने. १८४० मध्ये अमेरिकेत विल्यम हाव, १८४४ मध्ये प्रॅट पितापुत्र आणि १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स वॉरेन यांनी आपापल्या कैच्यांची पेटंटे घेतली. लाकूड स्वस्त होते, त्यामुळे दांडा थोडा जाड ठेवला तरी चालत असे. लोखंड मात्र वजनावर विकत घ्यावे लागे. जाडी अंदाजाने ठरवणे आता परवडणारे नव्हते.

७. येथे स्क्वायर व्हिपल या अमेरिकन अभियंत्याचा प्रवेश होतो. १८०४ मध्ये जन्मलेल्या व्हिपलने सर्वेक्षणाची उपकरणे तयार करण्याचे काम केले होते, आणि १८४१ मध्ये लोखंडी पुलाचे पेटंटही मिळवले होते. १८४७ मध्ये त्याने पूलबांधणीवर एक छोटेसे पुस्तक काढले. कैचीतील प्रत्येक दांड्यावरचे बल कसे मोजावे, हे त्यात पद्धतशीरपणे सांगितले होते.

८. या पद्धतीच्या मुळाशी एक साधी कल्पना आहे. प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना बिजागरीसारखी पिन आहे आणि भार फक्त सांध्यांवरच येतो, असे समजा. पिनेभोवती दांडा मोकळा फिरू शकतो, म्हणून पिन त्याला वाकवू शकत नाही. मग दांड्यावर दोनच बले उरतात, एका टोकाचे आणि दुसऱ्या टोकाचे. ती एकमेकांना तोलून धरायची तर दोन्ही एकाच रेषेत असली पाहिजेत. अर्थात दांडा एक तर ताणला जातो, नाही तर दाबला जातो. तिसरा पर्याय नाही.

९. त्याच दशकात रशियात सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को हा लोहमार्ग बांधला जात होता. तेथील दिमित्री झुराव्स्की या तरुण अभियंत्यानेही स्वतंत्रपणे हाव पद्धतीच्या कैच्यांचे गणित मांडले. आधाराजवळच्या उभ्या सळया मधल्या सळयांपेक्षा अधिक ताणल्या जातात, असा त्याचा निष्कर्ष होता. तोवर पुष्कळ ठिकाणी सगळ्या सळया एकाच जाडीच्या घालत असत.

१०. निष्कर्ष पटवण्यासाठी झुराव्स्कीने पुलाची प्रतिकृती केली आणि सळयांच्या जागी तारा लावल्या. प्रतिकृतीवर भार ठेवून तो त्या तारांवरून व्हायोलिनचा गज फिरवू लागला. तार जितकी ताणलेली, तितका तिचा स्वर चढा. टोकांकडच्या तारा चढ्या स्वरात वाजल्या आणि मधल्या उतरत्या. गणिताचा पुरावा कानांनी ऐकता आला.

११. टोकांकडे ताण अधिक का? कारण पुलावर कोठेही ठेवलेला भार अखेर दोन तीरांवरच उतरायचा असतो. मधल्या प्रत्येक सांध्याचा भार टोकाकडे सरकताना पुढच्या दांड्यांवर साचत जातो. आधारापाशी सगळी बेरीज पोहोचते. आधार तेवढ्याच जोराने उलट रेटतो. या उलट रेट्यालाच ‘आधाराची प्रतिक्रिया’ म्हणतात.

१२. प्रतिक्रिया मोजायची कशी? दोघे जण बांबूला हंडा अडकवून नेत आहेत असे समजा. हंडा ज्याच्या जवळ, त्याच्या खांद्यावर भार जास्त. आर्किमिडीजच्या तरफेचा नियम तो हाच. आता १२ मीटर गाळ्याची कैची घ्या. डाव्या आधारापासून ४ मीटरवर ९ टन भार आहे. डाव्या आधाराभोवती भाराचे परिबल ९ गुणिले ४, म्हणजे ३६. उजवा आधार १२ मीटरवर आहे, म्हणून त्याची प्रतिक्रिया ३ टन. उरलेले ६ टन डाव्या आधाराचे.

१३. लक्षात घ्या, हे काढताना आपण एकाही दांड्याकडे पाहिले नाही. आतला सांगाडा कसाही असो, तो समतोलात आहे एवढे पुरे. म्हणून कैचीचे गणित नेहमी बाहेरून आत जाते. आधी आधाराच्या प्रतिक्रिया, नंतर दांड्यांवरची बले.

१४. आता आधाराचे प्रकार. पिनेचा आधार पुलाला वर-खालीही हलू देत नाही आणि पुढे-मागेही. म्हणून तेथे दोन अज्ञात असतात, उभी प्रतिक्रिया आणि आडवी प्रतिक्रिया. रोलरचा आधार फक्त खाली जाण्यापासून अडवतो, आडवे सरकू देतो. तेथे अज्ञात एकच. दोन अधिक एक म्हणजे तीन. समतोलाची समीकरणेही तीनच: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य, परिबलांची बेरीज शून्य. हिशेब बरोबर जुळतो.

१५. दोन्ही टोकांना पिनाच का लावत नाहीत? एक कारण गणिताचे: अज्ञात चार होतात आणि समीकरणे तीनच राहतात. दुसरे कारण उन्हाचे. १०० मीटर लांबीचा पोलादी पूल ३० अंशांनी तापला तर साधारण साडेतीन सेंटिमीटर वाढतो. दोन्ही टोके जखडलेली असतील तर ही वाढ तीरांना रेटू लागते. म्हणून एक टोक सरकते ठेवायचे. आगगाडीने ब्रेक लावला की पुढे ढकलणारे बल मात्र पिनेचे टोक एकटे अडवते.

१६. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. आतल्या सांध्यालाही पिन आणि आधारालाही पिन, मग प्रतिक्रिया फक्त आधाराशीच का? उत्तर सोपे आहे. आतल्या पिनेवर फक्त दांडे आणि तेथे टेकलेला भार असतो, त्यांची बले एकमेकांना तोलतात. आधाराच्या पिनेवर आणखी एक पक्ष हजर असतो, तो म्हणजे तीर. तीर जे बल देतो, ती प्रतिक्रिया.

१७. दुसरा गोंधळ दिशेचा. तिरका दांडा आधारावर येऊन टेकतो, म्हणून प्रतिक्रियाही त्या दांड्याच्या रेषेतच असणार, असे वाटते. तसे नसते. आपलेच उदाहरण पुढे नेऊ. भाराखाली ३ मीटर उंचीचे शिखर आहे, तेथून दोन तिरके दांडे दोन्ही आधारांकडे उतरतात आणि तळाशी एक आडवा दांडा त्यांना जोडतो. तीन दांडे, तीन सांधे.

१८. डाव्या तिरक्या दांड्याची चढण ३ मीटर, आडवे अंतर ४ मीटर, म्हणून लांबी ५ मीटर. त्याने ६ टन उभा भार आधाराला द्यायचा तर त्याच्यावर १० टन दाब असला पाहिजे. या १० टनांचा आडवा हिस्सा ८ टन, आणि तो आधाराला बाहेर रेटतो. हा रेटा कोण झेलतो? तळाचा आडवा दांडा. तो ८ टनांनी ताणला जातो आणि पाय फाकू देत नाही.

१९. उजवी बाजू पडताळून पाहा. उभा भार ३ टन, चढण ३ मीटर, आडवे अंतर ८ मीटर. म्हणजे आडवा हिस्सा पुन्हा ८ टनच. दोन्ही टोकांकडून एकच उत्तर आले, अर्थात हिशेब बरोबर आहे. तीराला मिळाले ते फक्त ६ आणि ३ टन, दोन्ही सरळ उभे. पिनेमध्ये आडवी प्रतिक्रिया देण्याची क्षमता होती, पण तिची गरज पडली नाही.

२०. आता तळाचा दांडा काढून टाका आणि दोन्ही टोकांना पिना लावा. तेच ८ टन आता तीरांना झेलावे लागतील. कैचीची कमान झाली! आडवा दांडा कुजला की कौलारू घराच्या भिंती बाहेर झुकू लागतात, त्याचेही कारण हेच.

२१. युरोपात ही विद्या आणली जर्मन अभियंता कार्ल कुलमान याने. १८४९-५० मध्ये त्याने इंग्लंड-अमेरिकेचा प्रवास करून तेथील पूल पाहिले आणि १८५१ मध्ये आपले विश्लेषण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी योहान श्वेडलरनेही कैचीचा सिद्धान्त मांडला. पुढे ऑगस्ट रिटरने कैचीला मनातल्या मनात छेद देऊन हव्या त्या दांड्यावरचे बल काढण्याची रीत दिली. आजही विद्यार्थी ती शिकतात.

२२. १८६४ मध्ये विजेचे आणि चुंबकत्वाचे नियम एकत्र बांधणारा जेम्स क्लार्क मॅक्सवेल या विषयाकडे वळला. कैचीच्या आकृतीला जोडीची दुसरी आकृती काढायची आणि तिच्या रेषा मोजून सगळी बले वाचायची, अशी त्याची पद्धत. कुलमान आणि इटलीचा लुइजी क्रेमोना यांनी या आलेखी शास्त्राला पूर्ण रूप दिले. पट्टी, पेन्सिल आणि कागद यांच्या बळावर पुढच्या पिढ्यांनी पूल आखले.

२३. आधार दोनांऐवजी तीन-चार झाले तर? प्रत्येक जादा आधार एक जादा अज्ञात आणतो. जर्मनीच्या हाइनरिश गेर्बरने १८६६ मध्ये यावर युक्ती काढली: पुलाच्या मध्येच बिजागरी घालायची. बिजागरीपाशी परिबल शून्य असते, म्हणून प्रत्येक बिजागरीमागे एक नवे समीकरण मिळते. लांब गाळ्यांच्या कॅन्टिलिव्हर पुलांचा मार्ग येथून खुला झाला.

२४. अशाच पुलाचे तत्त्व बेंजामिन बेकरने १८८७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये माणसे बसवून दाखवले. दोन माणसे खुर्च्यांवर हात पसरून बसली. हातांपासून खुर्चीपर्यंत काठ्या, बाहेरच्या बाजूंना विटांची वजने आणि मध्ये टांगलेल्या फळीवर काइची वातानाबे हा जपानी अभियंता. हात ताणले गेले, काठ्या दाबल्या गेल्या. विटांनी मात्र खाली ओढून ठेवण्याचे काम केले. प्रतिक्रिया नेहमी वरच असते असे नाही, हे त्या छायाचित्रात स्वच्छ दिसते.

२५. बेकरचा स्कॉटलंडमधील फोर्थ पूल १८९० मध्ये खुला झाला. मुख्य गाळा १७१० फूट. तो रिव्हेट ठोकून जोडलेला. अमेरिकेत मात्र पिनेचे पूल लोकप्रिय होते, कारण टोकांना भोके असलेल्या पट्ट्या कारखान्यातून आणायच्या, पिन सारायची आणि पूल झटपट उभा. रिव्हेटचा सांधा ताठ असतो, त्यामुळे दांडे थोडे वाकतात आणि दुय्यम ताण निर्माण होतात. त्यांचे गणित हाइनरिश मान्डेर्लाने १८८० मध्ये मांडले. पिनेचा फायदा असा की कागदावरची कल्पना आणि प्रत्यक्ष सांधा बरेचसे सारखे असत.

२६. आता क्वेबेककडे परतू. सल्लागार अभियंता होता थिओडोर कूपर, त्या काळातील मोठे नाव. मुख्य गाळा आधी १६०० फूट ठरला होता, पुढे तो १८०० फूट करण्यात आला. म्हणजे फोर्थहूनही लांब. गाळा वाढला की पुलाचे स्वतःचे वजनही वाढते. नवे वजन धरून सगळी गणिते नव्याने करणे आवश्यक होते. ते झाले नाही.

२७. अभियंत्याची येथे एक खरी अडचण असते. दांड्यांची जाडी ठरवायला वजन माहीत हवे, आणि वजन काढायला जाडी माहीत हवी. म्हणून आधी वजन गृहीत धरायचे, दांडे आखायचे, मग खरे वजन काढून पुन्हा तपासायचे. क्वेबेकमध्ये खरे वजन बरेच जास्त आहे हे उघड झाले तेव्हा पुष्कळ पोलाद तयार होऊन उभेही राहिले होते. ताण सुमारे ७ ते १० टक्के वाढेल, असा अंदाज करून कूपरने ते चालवून घेतले.

२८. १९०७ च्या उन्हाळ्यात खालच्या दाबाखालील दांड्यांत बाक दिसू लागला. जागेवरचा तरुण अभियंता नॉर्मन मॅक्ल्यूर मोजमापे कळवत होता. एका दांड्याचा बाक दोनेक आठवड्यांत पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला. दांडे मुळातच वाकडे आले असावेत, असाही युक्तिवाद झाला. २९ ऑगस्टला मॅक्ल्यूर स्वतः न्यूयॉर्कला जाऊन कूपरला भेटला. पुलावर आणखी भार चढवू नका, अशी तार कूपरने केली, पण ती पूल बांधणाऱ्या कंपनीच्या गावी, पेनसिल्व्हेनियाला. क्वेबेकमध्ये काम चालूच राहिले.

२९. तुटला तो दांडा मुख्य खांबाजवळचा होता, म्हणजे दाब जेथे सर्वाधिक साचतो त्या भागातला. तो चार जाड पत्र्यांचा असून ते पत्रे बारीक जाळीने एकत्र बांधलेले होते. ती जाळीच अपुरी ठरली, असे शाही आयोगाने १९०८ च्या अहवालात नोंदवले. कूपर आणि कंपनीचा मुख्य रचनाकार पीटर श्लापका यांच्या निर्णयातील चुकांवर त्याने बोट ठेवले. एवढ्या मोठ्या दाबाखालील दांड्यांविषयी त्या काळचे ज्ञानच तोकडे होते, हेही त्याने सांगितले. मृतांपैकी ३३ जण कानावागे या एकाच वस्तीतील मोहॉक कामगार होते.

३०. दुसरा पूल नव्याने आणि कितीतरी भक्कम आखला गेला. तरीही ११ सप्टेंबर १९१६ रोजी मधला गाळा नदीतून वर उचलताना एका कोपऱ्याखालचा ओतीव आधार तुटला, गाळा पाण्यात पडला आणि १३ जण गेले. सगळा सांगाडा शाबूत होता, दगा दिला तो आधाराने. १९१७ मध्ये पूल पूर्ण झाला. १८०० फुटांचा तो गाळा आजही जगातील कॅन्टिलिव्हर पुलांत सर्वांत लांब आहे.

३१. याच कुळातला आपल्याकडचा पूल म्हणजे १९४३ मध्ये खुला झालेला कोलकात्याचा हावडा पूल. मुख्य गाळा १५०० फूट, जोडणी रिव्हेटची, आणि सुमारे २६,५०० टन पोलादापैकी बहुतांश टाटांच्या कारखान्याचे. दोन्ही तीरांवरून आलेले हात आणि त्यांच्यामध्ये टांगलेला गाळा, ही बेकरच्या खुर्च्यांचीच रचना.

३२. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या कथेतील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. क्वेबेकमध्ये समतोलाची तीन समीकरणे चुकली नव्हती. ती व्हिपलच्या काळी होती तशीच होती. चुकला तो त्यांत घातलेला आकडा, आणि आकडा चुकल्याचे कळल्यावरही न थांबण्याचा निर्णय. आधार जेवढा भार येईल तेवढीच प्रतिक्रिया देतो, आपण कागदावर किती लिहिले याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

३३. जाता जाता एक प्रश्न. वरच्या उदाहरणात ९ टनांचा भार आणि शिखर दोन्ही गाळ्याच्या बरोबर मधोमध आणले, उंची ३ मीटरच ठेवली, तर दोन्ही प्रतिक्रिया किती आणि तळाच्या दांड्यावर ताण किती? उत्तरे खाली लिहा. आणि पुढच्या वेळी एखाद्या लोखंडी पुलाखालून जाल तेव्हा त्याची दोन्ही टोके जरूर पाहा. एक जखडलेले दिसेल, दुसरे सरकते. धागा समाप्त.